नेफ्यात अडकलेली गाठ

मिटलेली मूठ उघडताना बाकीची बोटे सरळ व्हावीत आणि एकच बोट तळहाताकडे वाकलेले राहावे, दुसऱ्या हाताने ते उचलले की 'खट्' असा झटका बसून ते एकदम सुटावे, या लक्षणाला मराठीत एकच एक ठरलेले नाव नाही. कोणी 'बोट आखडले' म्हणते, कोणी 'बोट धरते' म्हणते, आणि सांध्यांच्या बहुतेक तक्रारी ज्या एका शब्दावर ढकलल्या जातात तो 'वात' येथेही हजर असतोच. डॉक्टर त्याला 'ट्रिगर फिंगर' म्हणतात, म्हणजे बंदुकीच्या चापावरचे बोट. आणि या नावातून वाकलेल्या बोटाचा आकार व अचानक सुटण्याचा झटका या दोन्ही गोष्टी कळत असल्या, तरी बोट अडकते कशामुळे याचा मात्र काहीच पत्ता लागत नाही. अडकणाऱ्या बहुतेक बोटांमागे एकच साधा यांत्रिक दोष असतो हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्या दोषामागे कधी मधुमेहासारखा सगळ्या शरीराचा आजार असतो आणि कधी ते अडकणे मुळात निराळ्याच रोगाचे असते.

बोट मिटवणारे मुख्य स्नायू बोटात नसतात; ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात आणि तेथून त्यांच्या लांब, पांढऱ्या, चिवट दोऱ्या मनगटाखालून बोटांपर्यंत जातात. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. हा शब्द मराठी शरीरशास्त्राने आयुर्वेदाकडून घेतला आहे. सुश्रुतसंहितेत शरीरातील कंडरा सोळा मोजल्या आहेत. अंगठा सोडून प्रत्येक बोटात मिटवणाऱ्या कंडरा दोन असतात, एक वरची आणि एक खोलची, आणि वरची कंडरा पुढे दुभंगून खोलच्या कंडरेला स्वतःच्या फटीतून वाट देते. बोट मिटताना या दोऱ्या हाडापासून सुटून वर ताणल्या जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर आडवी, घट्ट कडी बसवलेली असतात. शल्यचिकित्सक त्यांना 'पुली', म्हणजे कप्पी, म्हणतात. पण त्यांत चाक नसते आणि काही फिरतही नाही, त्यामुळे विहिरीवरच्या रहाटापेक्षा लेंग्याचा नेफा हा दाखला अधिक जुळतो. नेफ्यातून नाडी सरकावी तशी कडेला वंगण असलेल्या आवरणातून कंडरा सरकते. बोटात अशी पाच वर्तुळाकार कडी आणि त्यांच्यामध्ये तीन फुलीसारखे पातळ पट्टे असतात, आणि यांतले पहिले कडे तळहातात, बोटाच्या मुळाशी असते.

दोष बहुधा या पहिल्या कड्यातच होतो. तेथे कंडरेला सर्वांत तीव्र कोनातून वळावे लागते, घर्षण व दाब तेथेच जास्त, आणि कालांतराने कड्याचा आतला थर जाड होऊन त्यात कूर्चेसारख्या पेशी दिसू लागतात. त्याचबरोबर कंडरेवरही फुगवटा येतो. फ्रेंच वैद्य आल्फोंस नोटा यांनी १८५० मध्ये हा फुगवटा आणि त्यामुळे होणारे अडकणे यांचे वर्णन केले, म्हणून त्या गाठीला आजही त्यांचे नाव आहे. मूठ मिटताना ही गाठ कड्याखालून मनगटाच्या बाजूला ओढली जाते, कारण मिटवणारे स्नायू बळकट असतात. उघडणारे स्नायू त्या मानाने दुबळे असल्यामुळे गाठीला पुन्हा कड्यात शिरवता येत नाही, आणि नाडीची गाठ नेफ्याच्या तोंडाशी अडावी तसे बोट वाकलेलेच राहते. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत याला आवरणाचा अरुंद करणारा दाह म्हणत असले, तरी जुन्या प्रकरणांत दाहापेक्षा झीज आणि जाड होणे हेच अधिक आढळते, त्यामुळे 'सूज उतरवण्याच्या' गोळ्या अनेकदा वेदना कमी करतात आणि अडकणे तसेच ठेवतात.

या आजाराची एक लबाडी अशी की तो एका जागी असतो आणि दुसऱ्या जागी दुखतो. झटका जाणवतो तो बोटाच्या मधल्या पेरापाशी, त्यामुळे रुग्ण महिनोन्महिने त्याच पेराला तेल चोळत राहतो, लेप लावतो, क्वचित त्या सांध्याचा एक्स-रेही काढून आणतो, आणि एक्स-रेत काही सापडत नाही. खरी जागा तळहातात असते. हस्तसामुद्रिकात जिला हृदयरेषा म्हणतात त्या आडव्या रेषेच्या आसपास अनामिका आणि करंगळी यांचे पहिले कडे येते, मस्तकरेषेच्या तर्जनीकडच्या टोकाजवळ तर्जनीचे येते, आणि मधल्या बोटाचे या दोहोंच्या दरम्यान. तेथे दुसऱ्या हाताचा अंगठा दाबून धरून बोट मिटवले-उघडले, तर मसुराएवढी हलणारी गाठ अनेकदा हाताला लागते आणि दुखरी जागाही तीच निघते. भविष्य सांगण्यासाठी रेखांचा जो उपयोग केला जातो, त्यापेक्षा हा उपयोग निश्चितच अधिक भरवशाचा आहे.

सकाळी अडकणे जास्त आणि दिवस चढेल तसे कमी, हा क्रमही ठरलेला असतो, कारण रात्रभर बोटे अर्धवट मिटलेली राहतात आणि हालचाल नसल्यामुळे आवरणातला ओलसरपणा एका जागी साचतो. याउलट बोटे कडाकडा मोडताना येणारा आवाज सांध्यातील द्रवात वायूचा बुडबुडा तयार झाल्याने येतो आणि त्याचा या आजाराशी संबंध नाही. मुलाची आलाबला घेताना आजीने कानशिलावर मोडलेली बोटे निर्धोकच असावीत. डोनाल्ड अंगर या अमेरिकी डॉक्टरांनी पन्नास वर्षे एकाच हाताची बोटे मोडून दोन्ही हातांत संधिवाताचा फरक पडला नाही असे १९९८ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना २००९ चे गमतीचे 'इग नोबेल' पारितोषिकही मिळाले.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील नांदे हे गाव या विषयाचा विचार करण्यासाठी सोयीचे आहे, कारण हाताच्या श्रमाच्या दोन पिढ्या आणि दोन प्रकार तेथे एकमेकांशेजारी दिसतात. मुळा नदीच्या खोऱ्यातला हा भाग भाताचा. एका बाजूला सूस-म्हाळुंगे आणि दुसऱ्या बाजूला लवळे. सूस आणि म्हाळुंगे ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, नांदे त्या यादीत नव्हते, पण पलीकडे हिंजवडी असल्यामुळे इमारतींना महापालिकेची हद्द अडवू शकली नाही. त्यामुळे आषाढात चिखलात उभे राहून रोपांची मूठ धरणारा डावा हात, गोठ्यात धार काढणारा हात, बांधकामावर थापी, सळई आणि पान्हा धरणारा हात आणि संगणकाचा माउस धरणारा हात, हे सगळे एकाच रस्त्यावर भेटतात. आवणी, म्हणजे भाताची लावणी, हे प्रामुख्याने बायकांचे काम. कार्तिकाच्या तोंडावर कापणीला विळा. त्याच आठवड्यांत घरात चकलीचा सोऱ्या पिळणे. घट्ट मूठ धरून पुन्हा पुन्हा जोर लावण्याची एवढी कामे एका हाताने केल्यावर बोट अडकले, तर दोष कामाचा हे अनुमान कोणीही काढील.

ते अनुमान मात्र अर्धेच टिकते. मांसप्रक्रिया कारखान्यातील कामगारांच्या एका पाहणीत हत्यार धरणाऱ्यांत हा आजार जास्त आढळला, तर इतर अभ्यासांत व्यवसाय आणि अडकणारे बोट यांचा स्पष्ट संबंध सापडलेला नाही. शिवाय केवळ श्रमच कारण असते, तर तो कष्टकरी तरुणांत सर्वाधिक दिसायला हवा होता. प्रत्यक्षात तो चाळिशी ते साठीच्या दरम्यान, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि रजोनिवृत्तीच्या आसपास विशेष दिसतो. अधिक न्याय्य विधान असे की आधीच अरुंद झालेला नेफा कामामुळे बोलू लागतो. तो अरुंद का झाला, याचे उत्तर अनेकदा शरीरात इतरत्र असते. सर्वसाधारण लोकसंख्येत आयुष्यात कधीतरी बोट अडकण्याची शक्यता शंभरात दोन-तीन जणांना असते, आणि मधुमेहींत ती दहापर्यंत जाते.

मधुमेहाचा संबंध असा लागतो. रक्तात साखर दीर्घकाळ जास्त राहिली की ती कोलॅजन या प्रथिनाला चिकटते, आणि कोलॅजन हे तर कंडरा, कडी, त्वचा आणि सांध्यांची आवरणे या सगळ्यांचा मुख्य घटक. साखर चिकटलेल्या कोलॅजनच्या तंतूंमध्ये आडवे दुवे तयार होऊन ते ताठ व जाड होतात आणि त्यांची झीज भरून काढण्याची क्षमताही मंदावते. म्हणून मधुमेहीचे एकच बोट अडकून थांबत नाही. अनामिकेनंतर मधले, मग दुसऱ्या हाताचा अंगठा, असा प्रवास दिसतो, आणि त्याच हातात मनगटातील मज्जातंतू दाबला जाऊन रात्री मुंग्या येण्याची तक्रारही बरेचदा सापडते. याच प्रक्रियेने सगळ्याच बोटांचे सांधे हळूहळू कडक झाले, तर दोन्ही तळहात एकमेकांवर सपाट टेकत नाहीत आणि बोटांमध्ये फट राहते. वैद्यकाच्या इंग्रजी ग्रंथांत याला प्रार्थनेची खूण म्हटले जाते. मराठी घरात ती दारात आलेल्या पाहुण्याला नमस्कार करतानाच दिसू शकते, फक्त ती पाहण्याची सवय नसते.

महाराष्ट्रात हा धागा अधिक महत्त्वाचा ठरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, राज्यातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के होते, आणि खेड्यांत ते शहरांपेक्षा कमी असले तरी नगण्य नव्हते. त्याच पाहणीच्या २०२३ मधील अहवालात देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आली. खेड्यातील राबणाऱ्या, सडपातळ माणसाला साखरेचा आजार कसा होईल, या शंकेला पुण्यातच उत्तर शोधले गेले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला, आणि वजनाने कमी भरणाऱ्या या बाळांच्या शरीरात स्नायू कमी पण चरबी त्या मानाने टिकून असते, असे दाखवले. वरून किडकिडीत आणि आतून चरबीचा, असा हा देह पुढे खाणे वाढले आणि चालणे कमी झाले की मधुमेहाकडे लवकर झुकतो. ज्या गावांत एका पिढीत भातखाचराच्या जागी इमारत उभी राहिली आणि पायवाटेच्या जागी दुचाकी आली, त्या गावांना हे लागू पडते. नांद्याच्या परिसराचा बदल नेमका याच प्रकारचा आहे. तेव्हा एकापेक्षा अधिक बोटे अडकत असतील, तर बोटाकडे पाहण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी करून घेणे हे शहाणपणाचे ठरते. काहींना मधुमेहाची पहिली वार्ता अशी बोटाकडूनच मिळते.

थायरॉइड ग्रंथी मंदावणे, आमवात, गाऊट आणि दीर्घकाळ चाललेले डायलिसिस हीही त्याच यादीतील कारणे. स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्यांनीही बोटे आखडतात आणि अडकतात. गोळी आणि बोट यांचा संबंध रुग्णाच्या लक्षात येत नाही, आणि ती स्वतःच्या मनाने बंद करणे तर धोक्याचे, म्हणून तो डॉक्टरांना सांगायलाच हवा.

परंतु अडकलेले प्रत्येक बोट नेफ्यातच अडकलेले नसते. बोट सरळ करता न येणे आणि बोट सरळ न होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातला फरक दुसऱ्या हाताने कळतो. मुठीच्या टेंगळांवरून जाणारी, बोट उघडणारी कंडरा ज्या पट्ट्याने जागेवर धरलेली असते तो फाटला, तर ती दोन टेंगळांमधल्या खाचेत घसरते. असे बोट रुग्णाला आपण होऊन उचलता येत नाही, पण कोणी सरळ करून दिले तर तो ते तसे धरून ठेवू शकतो. तळहात आणि बोट यांच्या सांध्यातील हाडाला काटेरी वाढ होऊन बाजूचा अस्थिबंध तिच्यात अडकला, तर तर्जनी किंवा मधले बोट अचानक शेवटच्या तीस-चाळीस अंशांत थांबते, मात्र पुढचे पेर मोकळे हलत राहते आणि तळहातात गाठ लागत नाही. असे बोट जोराने ओढल्यास हाडाचा टवका उडू शकतो. तळहाताच्या कातडीखाली दोरखंडासारखी जाड शीर तयार होऊन अनामिका किंवा करंगळी वर्षानुवर्षे हळूहळू ओढली जाणे, हा पॅरिसचे शल्यचिकित्सक द्यूपित्रां यांच्या नावाचा विकार; तो युरोपात बराच आढळतो, भारतात विरळा, आणि त्यात झटका कधीच नसतो.

भाताच्या पट्ट्यात दोन कारणांकडे विशेष लक्ष हवे. पहिले विळ्याचे. कापणीत बोटाच्या आतल्या बाजूला लागलेला विळा कातडी उघडतो, हळद दाबून चिंधी बांधली जाते आणि आठवड्यात जखम भरते. पण आत कंडरेची अर्धी जाडी कापली गेलेली असते आणि तिचा सुटलेला पदर पुढे कड्याच्या तोंडाशी अडू लागतो. बोट मिटत असल्यामुळे कंडरा शाबूत आहे असा सगळ्यांचा समज होतो. जखमेनंतर काही आठवड्यांनी सुरू झालेले अडकणे म्हणजे झिजेचे नव्हे, आणि त्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याआधी जुन्या व्रणाची चौकशी व्हायला हवी. दुसरे काट्याचे. बाभळीचा काटा किंवा भाताचे टोकदार धसकट बोटाच्या आवरणात शिरले की तेथे पू धरू शकतो. बोट वाकलेले राहते, सगळेच्या सगळे सारखे फुगते, आतल्या बाजूने मुळापर्यंत दुखते आणि किंचित सरळ केले तरी जीव जातो. शिकागोचे शल्यचिकित्सक अॅलन कॅनव्हेल यांच्या नावाने या चार खुणा ओळखल्या जातात, आणि त्या दिसल्या तर वाट पाहायची नसते, कारण पू त्या बंद नळीत साचून कंडरेचा रक्तपुरवठा तोडतो. चोळणे आणि शेकणे या दोन्हींची येथे किंमत बोट गमावून मोजावी लागू शकते.

कुष्ठरोगाचा उल्लेख टाळण्याची रीत आहे. ती येथे पाळणे योग्य होणार नाही. कोपरामागून जाणारा मज्जातंतू या रोगात सुजतो, करंगळी आणि अनामिका नखीसारख्या वाकू लागतात आणि रुग्ण तेही 'बोट आखडले' अशाच शब्दांत सांगतो. मात्र अशी बोटे सुरुवातीला दुसऱ्याच्या हाताने सहज सरळ होतात, झटका बसत नाही, दुखतही नाही. उलट करंगळीच्या कडेला चटका बसला तरी कळत नाही. दुखणे नसणे हीच येथे वाईट खूण. सहा किंवा बारा महिन्यांचे बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, आणि ते लवकर सुरू झाले तर बोटे वाचतात. चारही बोटे व अंगठा एकदम, काही मिनिटांपुरते जुळून ताठ होणे हे मात्र बहुतेकदा रक्तातील कॅल्शियम उतरल्याचे लक्षण असते आणि त्याचा कंडरेशी संबंध नसतो.

लहान मुलांचा अंगठा हे स्वतंत्र प्रकरण आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याचे टोक वाकलेले असल्याचे घरच्यांच्या एके दिवशी ध्यानात येते, आणि मग कधी पडला होता याचा शोध सुरू होतो. बहुधा तो पडलेला नसतो, जन्मतःही अंगठा तसा नसतो. कंडरा कड्याच्या मानाने जाड होते एवढेच. यात इंजेक्शनाचा उपयोग नाही. अनेक मुलांत काही वर्षांत अंगठा आपोआप सुटतो, न सुटल्यास छोट्या शस्त्रक्रियेने, आणि तोवर मालीश करणाऱ्या बाईने तो ओढून सरळ करू नये.

मोठ्यांच्या साध्या अडकण्यावर उपचारही साध्यापासून सुरू होतात. बोटाच्या मुळाचा सांधा सरळ राहील अशी पट्टी सहा आठवडे, विशेषतः रात्री, बांधली तर सौम्य प्रकरणे निवळतात. गुंतागुंत इतकीच की दिवसा पट्टी बांधून विळा धरता येत नाही, आणि पीक थांबत नाही. त्यापुढे कड्यापाशी दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन. पहिल्या इंजेक्शनाने सुमारे निम्म्या ते दोन-तृतीयांश रुग्णांना आराम पडतो, मधुमेहींना त्याहून कमी, आणि मधुमेहीची साखर नंतरचे काही दिवस वर जाते, ही गोष्ट आधी सांगितली नाही तर घरात विनाकारण घबराट उडते. सुईच्या जागी सावळी कातडी फिकट पडू शकते. तीच सुई पुन्हा पुन्हा घेत राहण्यात अर्थ नसतो, कारण वारंवार दिलेल्या स्टिरॉइडने कंडरा कमजोर होते.

शस्त्रक्रियेत केवळ पहिले कडे उभे छेदून उघडतात. ते तुटून राहिले तरी चालते. दुसरे आणि चौथे कडे मात्र जपावे लागते, नाही तर मूठ मिटताना कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटून उभी राहते. हे काम तेवढीच जागा बधिर करून, रुग्ण जागा असताना, पंधरा-वीस मिनिटांत होते. शेवटी डॉक्टर रुग्णालाच बोट मिटायला आणि उघडायला सांगतात, आणि बोट टेबलावरच मोकळे हलले म्हणजे छेद पुरेसा झाल्याचे कळते. अंगठ्यात मात्र संवेदनेचा मज्जातंतू कड्याला अगदी लगटून जातो, म्हणून तेथे हात जपून चालवावा लागतो. आणि आमवाताच्या रुग्णात हे कडे छेदले तर बोटे करंगळीकडे अधिकच कलतात, त्यामुळे त्यांच्यात कडे राखून आतले सुजलेले अस्तर काढतात. नांद्याच्या रुग्णाला यासाठी फार लांब जावे लागत नाही. लवळ्याला सिंबायोसिस विद्यापीठाचे रुग्णालय आहे, पौडला ग्रामीण रुग्णालय आणि औंधला जिल्हा रुग्णालय.

जखमेला सुमारे दोन आठवडे पाणी आणि चिखल लागू द्यायचा नसतो, आणि तालुक्यातली शेती याच अटीपाशी अडते. आवणीच्या दिवसांत चिखलाबाहेर राहणारा हात कोणाकडे नसतो, कापणीत विळा सोडता येत नाही, म्हणून शस्त्रक्रिया झोडणी आटोपल्यावर, कार्तिकाच्या पुढे ढकलली जाते. बोट अजून दुसऱ्या हाताने सरळ होत असेल तर या ढकलण्याने फारसे बिघडत नाही. ते कोणत्याच हाताने सरळ होईनासे झाले, तर मात्र मधल्या पेराचा सांधाच वाकलेल्या स्थितीत आवळत जातो आणि पुढे कडे छेदूनही तो पुरता उघडत नाही.